खुरपं कोण धरणार?

आपल्याकडे कुठल्याही जुन्या गोष्टीबद्दल बोलायला लागलं की दुसऱ्या मिनिटाला एक प्रश्न हमखास येतो. "पण आता त्याचा उपयोग काय?" मग ती जुनी विहीर असो, वाचनालयाची इमारत असो की नाटकाचं थिएटर. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हा प्रश्न मला सिनेमाच्या जुन्या स्टुडिओंबद्दल ऐकायला मिळाला. गंमत म्हणजे प्रश्न विचारणारे आमचे शेजारी त्याच दिवशी चांगले खिसा भरून पैसे खर्चून, सहकुटुंब, एक सिनेमाचा स्टुडिओच पाहून आले होते! मीही त्यांच्याबरोबर होते. गाडीत बाकीचे झोपलेले असल्यामुळे वाद तिथेच थांबवला. पण तो डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

शनिवार-रविवारचा हा सगळा कार्यक्रम. शनिवारी सकाळी बाग साफ करायची, रात्री सोलापूरहून हैदराबादची गाडी पकडायची आणि रविवारी रामोजी फिल्म सिटी. दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ झाल्या म्हणूनच मला जे दिसलं ते दिसलं, असं आता वाटतं.

बाग म्हणजे काही मोठी नाही. जास्वंदी, मोगरा, लिंबू, कढीपत्ता आणि कुंपणाशी एक शेवगा. पण पावसाळ्यानंतर तिची काय दशा होते हे ज्याच्या अंगणात माती आहे त्याला सांगायला नको. हरळी वाफ्यांत शिरलेली, कुंपणाच्या कडेने गाजरगवत, आघाडा कपड्यांना चिकटतोय, आणि जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण. गाजरगवत फुलायच्या आत उपटावं लागतं, कारण एकेका रोपाचं बी हजारोंनी पडतं. हरळी वरून कापून भागत नाही, खालची मुळी निघाली नाही तर पंधरा दिवसांत पुन्हा हजर. पिठ्या पडलेली फांदी वेळेवर छाटली नाही तर शेजारचं झाडही जातं. चार तास खुरपं, कात्री आणि घमेलं घेऊन बसलं की दुपारी बाग पूर्वी होती तशी दिसते. लक्षात घ्या, पूर्वी होती तशी! नवीन काहीच झालेलं नसतं. येणारा-जाणारा थांबून "वा, काय केलंत!" असं म्हणत नाही. राखण्याच्या कामाचा हा स्वभावच आहे. ते नीट झालं तर कुणाला दिसत नाही, आणि झालं नाही तरच दिसतं.

आता रामोजी. आधीच सांगते, मला तिथे मजा आली. नाकं मुरडायला मी गेले नव्हते. १९९६ साली सुरू झालेली ही चित्रनगरी १६६६ एकरांवर पसरलेली आहे आणि जगातलं सर्वांत मोठं चित्रपट-स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. ती उभी करणारे रामोजी राव २०२४ च्या जूनमध्ये गेले. लाल बसमधून आपल्याला फिरवतात. एक इमारत पुढून विमानतळ असते, दुसरी एका बाजूने एक आणि वळसा घालून गेलं की दुसरंच काही. परदेशातला रस्ता, लेणी, देव नसलेलं देऊळ, बाहुबलीचा भव्य सेट. एका खेळात प्रेक्षकांतल्याच एखादीला टांग्यात बसवून 'शोले'मधली बसंती करतात आणि चित्रीकरण, आवाज, जोडणी असं करत करत पडद्यावर तो प्रसंग कसा तयार होतो ते दाखवतात. शाळेत असते तर मुलांना हे नक्की दाखवलं असतं. सिनेमा म्हणजे काय काय जुळवाजुळव असते, हे पाठ्यपुस्तकातल्या चार धड्यांपेक्षा तिथे लवकर कळतं.

पण माझं लक्ष राहून राहून दुसरीकडेच जात होतं. आदल्या दिवशी चार तास खुरपत बसल्यामुळे असेल, मी तण शोधत होते. सापडेना! एवढ्या बागा, एवढी हिरवळ, जागोजागी कापून आकार दिलेली झुडपं, आणि हरळीचा एक तुरा वर आलेला नाही. मग त्याचं कारणही दिसलं. हिरवळीच्या कडेला डोक्यावरून पदर घेतलेल्या पाच-सहा बायका ओळीने उकिडव्या बसून हाताने तण काढत होत्या. सोलापुरात जन्म गेल्यामुळे कामापुरतं तेलुगू मला येतं. एकीला विचारलं, हे सगळं खुरपून व्हायला किती दिवस लागतात? ती हसली. म्हणाली, संपतं कुठे, शेवटापर्यंत पोचलं की पहिल्या टोकाला पुन्हा उगवलेलं असतं.

आमची बस थांबली तेव्हा सगळ्यांनी पुतळ्यांबरोबर फोटो काढले. त्या बायकांकडे कोणी पाहिलंही नाही. आणि माझं म्हणणं असं आहे की त्या चित्रनगरीत पाहण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट त्या बायकाच होत्या. तिथलं विमानतळ खोटं, लेणी खोटी, राजवाडा प्लास्टर आणि प्लायवूडचा. पण ते खोटं रोज पुसलं जातं, रंगवलं जातं, खुरपलं जातं. कुणीतरी हिशोब केला आहे की तिकिटाच्या पैशांतले अमुक इतके राखण्यावर जातील. आणि आमच्याकडे जे खरं आहे, त्याच्यासाठी असा हिशोब कुणी केलेला नाही.

परतताना शेजाऱ्यांना मी सहज म्हटलं, आता एकदा मुलांना कोल्हापूरला नेऊ, जयप्रभा दाखवू. त्यावर ते म्हणाले, "अहो बाई, तिथे काय आहे? पडकी शेड! उपयोग काय त्याचा?"

तर तिथे काय आहे ते आधी सांगते.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. परदेशातून कॅमेरा विकत आणणं परवडत नव्हतं तर तो इथेच घडवला. त्यांचा 'सैरंध्री' १९२० साली आला आणि लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्याच कंपनीत तयार झालेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि भांडवल देणारे कुलकर्णी. १९३२ सालचा 'अयोध्येचा राजा' हा त्यांचा बोलपट. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली आणि तिथे १९३६ साली 'संत तुकाराम' झाला, ज्याची व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली. प्रभात गेल्यावर कोल्हापूरचं काम थांबू नये म्हणून छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन उभं राहिलं. पुढे भालजी पेंढारकरांनी ते घेतलं, त्याचाच जयप्रभा स्टुडिओ झाला. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत तो जळाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला आणि चित्रपट काढत राहिले. म्हणजे ज्याला आपण 'पडकी शेड' म्हणतो ती एकदा राखेतून उभी केलेली शेड आहे.

त्यानंतरची कथा मात्र आपल्या नेहमीच्या वळणाची. मालकी बदलली, वारसा यादी आली, कोर्टकचेऱ्या आल्या आणि २०२२ मध्ये स्टुडिओ विकला गेल्याचं कळल्यावर कोल्हापूरचे कलावंत आणि तंत्रज्ञ आंदोलनाला बसले. मला त्या कलावंतांबद्दल आदरच आहे. पण मनात येतं, आंदोलनाची वेळ येईपर्यंत इतकी वर्षं आपण सगळे काय करत होतो? फुललेलं गाजरगवत दिसल्यावर आरडाओरडा करण्यासारखंच आहे हे.

मुंबईचं काय? मालाडला हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज उभारलं. आज त्या आवारात लहान-मोठे कारखाने आणि गाळे आहेत, नाव तेवढं पत्त्यात उरलं आहे. चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला १६ सप्टेंबर २०१७ रोजी आग लागली. इमारतीबरोबर वर्षानुवर्षं जपलेले कपडे आणि वस्तूही गेल्या. २०१९ मध्ये ती जागा एका बांधकाम कंपनीने घेतली. गोरेगावचा फिल्मिस्तान १९४३ चा, त्याचीही विक्री २०२५ मध्ये जाहीर झाली. एकेक करून सगळ्यांचे टॉवर होणार. आणि मग आपणच बसमध्ये बसून पुठ्ठ्याची जुनी मुंबई बघायला दुसऱ्या राज्यात जाणार, तिकीट काढून!

आता शेजाऱ्यांचे मुद्दे. ते माझ्यासारखे शाळामास्तर नाहीत, पण विचारी माणूस आहेत, आणि त्यांचे मुद्दे टाकाऊ नाहीत.

पहिला मुद्दा, ही खाजगी मालमत्ता आहे. जमीन सोन्याच्या भावाची, स्टुडिओ तोट्यात. मालकाने आपल्या खिशातून आमची संस्कृती का सांभाळावी? मला हे शंभर टक्के मान्य आहे. मालकाला दोष देऊन आपण मोकळे होतो, ते चूकच. पण मग याचा अर्थ असा निघतो की सांभाळायचं तर सगळ्यांनी मिळून, म्हणजे सरकारने, नगरपालिकेने आणि तुम्ही-आम्ही, पैसे घालून सांभाळायला हवं. मालकाला योग्य मोबदला द्यायचा नाही, आणि वर जागेला 'वारसा' अशी पाटी लावून त्याचे हात बांधायचे, याला जपणं म्हणत नाहीत. याला दुसऱ्याच्या बागेत फुकट फुलं तोडणं म्हणतात.

दुसरा मुद्दा त्यांनी फार चांगला काढला. "बाई, स्टुडिओतला सेट हा मोडण्यासाठीच असतो. सिनेमा झाला, काम संपलं. सिनेमे शिल्लक आहेत ना? मग शेड कशाला?" ऐकायला बिनतोड वाटतं. पण सिनेमे तरी शिल्लक आहेत का? आपल्या देशात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले आज जेमतेम तीसेक उरले आहेत, तेही बरेचसे तुटक. फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चा काही भागच हाती लागला. टिळकांनी ज्याचं कौतुक केलं ती 'सैरंध्री' आज कुणालाच पाहता येत नाही. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा', १९३१ चा, त्याची एकही प्रत नाही. फिल्ममध्ये चांदी असते, ती काढून विकण्यासाठी जुनी रिळं भंगारात गेली. जुनी नायट्रेटची फिल्म तर एकदा पेटली की विझता विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्या काळातल्या तिजोरीखोल्यांना आग लागली आणि अशा रिळांचा मोठा साठा गेला.

नंतरच्या, न पेटणाऱ्या ॲसिटेट फिल्मचं दुखणं वेगळं. उष्ण आणि दमट हवेत ती सडायला लागते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. त्या वाफेने शेजारच्या डब्यातली फिल्मही बिघडू शकते. माझ्या जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासारखंच की हे! उपायही तसाच, कंटाळवाणा आणि न संपणारा. खोली थंड आणि कोरडी ठेवायची, डबे उघडून तपासायचे, रीळ उलटं-सुलटं गुंडाळायचं, बिघडलेलं वेगळं काढायचं. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथे पी. के. नायर नावाच्या माणसाने उभं आयुष्य घालवून गावोगावहून रिळं गोळा केली. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे तुकडे आपण आज बघतो तेही त्यांच्या खटपटीमुळे. किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे? दहावीच्या वर्गात विचारून पाहा. नायर हे आपल्या सिनेमाच्या बागेत ओळीने खुरपत बसलेले गृहस्थ होते, त्यांच्याबरोबर कोण फोटो काढणार?

तिसरा मुद्दा नेहमीचा. शाळांना छप्पर नाही, दवाखान्यात औषध नाही, आणि तुम्हाला स्टुडिओ जपायचे आहेत? हा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण यात दोन गोष्टींची उगाच मारामारी लावली आहे. शाळेला छप्पर का नाही? बांधलं नव्हतं म्हणून नाही. बहुतेक ठिकाणी ते बांधलेलं होतं, त्याचं उद्घाटनही झालं होतं, पण कौलं फिरवायला दरवर्षी लागणारे पैसे कुणी ठेवले नाहीत. नोकरीच्या काळात मी हेच पाहिलं. नवीन खोलीला निधी मिळायचा, जुन्या खोलीच्या गळतीला मिळायचा नाही. कोनशिलेवर नाव येतं, डागडुजीवर येत नाही ना! म्हणजे शाळा आणि स्टुडिओ एकाच रोगाने आजारी आहेत. आपल्याला उभारायची हौस दांडगी आहे, राखायचा कंटाळा आहे.

याचा पुरावा पुन्हा कोल्हापुरातच आहे. मोरेवाडीच्या माळावर सरकारने चित्रनगरी काढली. मोठ्या उत्साहाने काढली आणि मग कितीतरी वर्षं ती ओस पडू दिली. अलीकडे तिची डागडुजी झाली, तिथे पुन्हा चित्रीकरण होतं, हे चांगलंच आहे. पण मधली वर्षं कुणी भरून देणार आहे का? त्या वर्षांत जे सुतार, रंगारी, विजेची कामं करणारे मुंबईला निघून गेले, ते परत येणार आहेत का?

आणि हे जमतच नाही असंही नाही. प्रभातचंच पाहा. कंपनी बंद पडली, पण १९६० मध्ये त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. आज जिला एफ.टी.आय.आय. म्हणतात ती संस्था. जिथे प्रभातचे चित्रपट झाले त्याच जागेत पुढच्या पिढ्यांची मुलं दिवे लावायला आणि कॅमेरा धरायला शिकली. तिथल्या आंब्याच्या झाडाखाली ऋत्विक घटक मुलांना घेऊन बसत, त्या झाडालाही आता नाव आहे. प्रभातच्या वस्तूंचं छोटं संग्रहालयही तिथे आहे. हे का टिकलं? स्मारक केलं म्हणून नाही टिकलं. रोज वापरात राहिलं म्हणून टिकलं. वापरातल्या जागेचं छप्पर गळलं तर कुणीतरी ओरडतं. स्मारकाचं गळलं तर कुलूप लावतात.

तेव्हा माझं मागणं पुतळ्याचं नाही. मला जयप्रभाच्या जागी भालजींचा पुतळा आणि भोवती साखळी नको. मला तिथे एक चालता स्टुडिओ हवा. एखादा मजला असा, जिथे गावातली मुलं लघुपट करतील, एक सुतारशाळा, एक रंगशाळा, आणि बाहेरच्या माणसाला तिकीट काढून आत येऊन हे सगळं बघता येईल अशी सोय. रामोजीत जसं टांग्यावरच्या बसंतीचं गुपित दाखवतात, तसं इथे 'सैरंध्री'च्या काळातला कॅमेरा हाताने कसा फिरवायचे ते दाखवा. लोक येतील. कोल्हापूरला अंबाबाईला आणि पन्हाळ्याला गर्दी काय कमी असते?

दुसरं मागणं पैशांचं. २०२२ मध्ये केंद्र सरकारने जुन्या चित्रपटांच्या दुरुस्तीसाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले. आनंद आहे. पण एकदा दिलेली मोठी रक्कम म्हणजे वर्षातून एकदा केलेली साफसफाई. मला दरवर्षी, न चुकता, थोडी रक्कम हवी आहे. ज्या वास्तूचं उद्घाटन होईल तिच्या पाटीवर मंत्र्यांच्या नावाखाली एक ओळ कोरा, 'या वास्तूच्या देखभालीसाठी दरवर्षी इतके रुपये राखून ठेवले आहेत.' ती ओळ कोरायची हिंमत नसेल तर फीत कापू नका.

तिसरं मागणं माझ्या व्यवसायबंधूंकडे. त्या दिवशी रामोजीत शाळांच्या सहलीच सहली होत्या, आपल्याकडच्याही. न्या मुलांना, जरूर न्या. फक्त त्याला 'मनोरंजन सहल' म्हणा. 'शैक्षणिक' म्हणायचं असेल तर दुसऱ्या वर्षी कोल्हापूरला किंवा पुण्याला न्या, आणि जिथे काही उरलेलं नाही ती जागाही दाखवा. इथे काय होतं आणि ते का राहिलं नाही, यावर मुलांना निबंध लिहायला सांगा. आणि एक करा. शाळेत पूर्वी कार्यानुभवाच्या तासाला मुलं शाळेची बाग खुरपत. कित्येक ठिकाणी आता तो तास कागदावरच उरला आहे, कारण पालक तक्रार करतात, "आमच्या मुलांना माळी करायचं आहे का?" त्यांना सांगा, हो! थोडे माळीच हवे आहेत. डॉक्टर, इंजिनियर आणि उद्घाटनं करणारे भरपूर झाले. झालेलं राखणारे कमी पडताहेत.

शेजाऱ्यांना हा लेख दाखवणार आहे. ते पुन्हा विचारतील, "उपयोग काय?" तर उत्तर आधीच देऊन ठेवते. ज्या देशाने शंभर वर्षांच्या आत स्वतःचा पहिला बोलपट हरवला, त्याने निदान जे उरलं आहे ते तरी हरवू नये, एवढाच उपयोग. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कोल्हापूरला जायचं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. तिकिटं माझ्याकडे लागली.